तळाचा लाल ठिपका

गेलने ते काडतूस रुमालात गुंडाळून आणलं होतं, आणि रुमालाला इस्त्री केलेली होती. हॅरिसबर्गहून निघतानाच डेनिसने नवऱ्याला बजावलं होतं, "जेवणं होईपर्यंत काढायचं नाही." त्यामुळे बीटच्या पाण्यात मुरवलेली अंडी, थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारची उरलेली टर्की आणि भोपळ्याची पाई असं सगळं संपेपर्यंत तो कोटाच्या डाव्या खिशावर हात ठेवून बसला होता. त्याची बहीण लोर्ना इस्पितळात नर्स. तिने दोनदा नुसतं बघितलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "छातीत दुखतंय का रे?"

"नाही. पाई सरकव."

शहाण्णव सालच्या डिसेंबरची पहिली तारीख, रविवार. सोमवारी हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या सोमवारी आमच्या खोऱ्यात शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद, दातांचा डॉक्टरही बंद. ज्याचा दात दुखतो तोही डोंगरावरच असतो. आदल्या रविवारी चर्चहून आल्यावर डनमायरांच्या घरामागच्या उतारावर रायफलींचा नेम तपासायचा, ही रीत ऑरिनच्या वडिलांनी घातलेली. ऑरिन, म्हणजे गेल आणि लोर्नाचा बाप, आता एकोणऐंशीचा होता. उद्याचा त्याचा सहासष्टावा पहिला दिवस. मधली दोन वर्षं युद्धात गेली, ती तो धरत नाही. तिथे परवाना लागत नव्हता म्हणतो.

ऑरिनने काटा बशीत ठेवला तसा गेलने रुमाल काढला, टेबलावर उलगडला आणि ते पितळी काडतूस मिठाच्या डबीशेजारी आडवं ठेवलं.

"पॉप, हे तुमच्या रायफलीत होतं," तो म्हणाला. "मी घर तापवायची भट्टी बघायला तळघरात आलो होतो ना, दहा दिवसांमागे? तेव्हा. बंदुकांच्या कपाटात उभ्या असलेल्या रायफलीत. चेंबरमध्ये. नुसता चाप ओढायचा बाकी."

व्हेल्मा आत्याने चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच राहिला.

या घरात भरलेली बंदूक कपाटात ठेवणं म्हणजे काय, हे व्हेल्माला कुणी सांगायला नको होतं. तिचा नवरा मर्ल त्रेपन्न साली भरलेली शॉटगन ओसरीच्या कठड्याला टेकवून हात धुवायला गेला. ऑरिनने ती रिकामी केली, मर्लला त्याचा कोट दिला आणि अकरा वर्षं या टेबलाशी बसू दिलं नाही. मर्ल यायचा, पण गाडीतच बसायचा. नाताळचं जेवण व्हेल्मा त्याला काचेतून द्यायची. चौसष्ट साली ऑरिन स्वतः गाडीपाशी गेला आणि म्हणाला, "रस्सा निवतोय, आत ये." एवढीच माफी. मर्ल शेवटपर्यंत सांगायचा की काय असेल ते असो, गाडीत जेवण जास्त गरम लागायचं.

"माझ्या रायफलीत?" ऑरिनने विचारलं.

"तुमच्याच. लिव्हरच्या. मी सहज हातात घेतली, चापाखालची लिव्हर ओढून उघडली, तर हे बाहेर येऊन बुटावर पडलं."

"तू उघडून बघितलंस?"

"तुम्हीच शिकवलंय. हात आपोआप जातो."

ऑरिनला तेवढ्यातही बरं वाटलं. मग जे वाटलं ते मात्र भीती होती. गेल्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याने सगळ्या चौदा बंदुका काढल्या होत्या. नळीतून गज, गजाला चिंधी, चिंधी पांढरी निघेपर्यंत; मग तेलाचा एकच थेंब, जास्त नाही, कारण जास्त तेलाने बंदुका मरतात आणि कमी तेलाने फक्त गंजतात, असं तो नेहमी सांगायचा. हे सगळं त्याला लख्ख आठवत होतं. पण गॅस बंद केल्याचंही त्याला लख्ख आठवत होतं, आणि त्या दिवशी किटलीचं बूड वितळून शेगडीला चिकटलं होतं.

"मी स्टीलचं कपाट घेतलंय," गेल म्हणाला. तो विमा विकतो. वाईट बातमीनंतर लगेच उपाय काढून ठेवायची त्याला सवय आहे. "नंबरचं कुलूप आहे. सगळ्या बंदुका आमच्याकडे राहतील. तुम्हाला बघाव्याशा वाटल्या तर केव्हाही या."

"दोनशे मैल," व्हेल्मा म्हणाली. "बंदूक बघायला! म्हातारा काय संग्रहालयात निघालाय?"

"आत्या, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच बसलेय. डोळे उघडून बघ."

"आणि उद्याचं काय?" ऑरिनने विचारलं.

गेलने पाईच्या रिकाम्या बशीकडे बघितलं. "उद्या नको, पॉप. यंदा नको."

आईमागे गेली नऊ वर्षं बापाचं सगळं लोर्नाच बघत होती. गेल महिन्यातून एकदा येणार आणि भट्टीवर टिचक्या मारून जाणार. आपण भावाच्या बाजूने बोलू असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण ती बोलली.

"किटली जळली ती जळली," ती म्हणाली. "परवा तुम्ही मला आर्डिस म्हणालात, पॉप. दोनदा. आईचं नाव. मी काही बोलले नाही. पण चेंबरमध्ये काडतूस! तुमच्याकडून? मला रात्रभर झोप लागणार नाही. गेल म्हणतो तसं करू या."

"शाब्बास," व्हेल्मा म्हणाली. "दोन्ही पोरं झाली एक. एरवी भट्टी कुणी बघायची यावर यांचं एकमत होत नाही."

डेनिस मात्र वेगळाच हिशोब करत होती. ते कपाट कुठे ठेवायचं हे नवऱ्याने अजून सांगितलं नव्हतं, आणि घरात तेवढी एकच भिंत रिकामी होती. "गेल," ती हळूच म्हणाली, "ते कपाट कुठे राहणार?"

"तुझ्या शिवणाच्या खोलीत."

"माझ्या शिवणाच्या खोलीत चौदा बंदुका?"

"कुलपात असतील."

"मला वाटलं गॅरेजमध्ये." डेनिसने घडी घातलेला टेबलरुमाल पुन्हा उलगडला. "हे बघ, माणसाच्या वस्तू माणसाजवळच बऱ्या. मी आपलं माझं मत सांगते."

आता दोघांविरुद्ध दोघी झाल्या होत्या. सगळ्यांनी ऑरिनकडे बघितलं.

"घेऊन जा," ऑरिन म्हणाला.

व्हेल्माचा कप खाली आपटला. "काय?"

"मर्लला मी अकरा वर्षं बाहेर बसवला. मला वेगळा नियम नाही." तो उठायला लागला, पण कंबर धरली आणि पुन्हा बसला. "रिव्हॉल्व्हर वरच्या कप्प्यात आहे. बाबांची. तिला दमट जागा चालत नाही. एवढं बघ."

आवाज नेहमीसारखाच होता, पण हाताने तो टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा करत होता. ते व्हेल्माला बघवेना. दुसरीकडे कुठेतरी बघायचं म्हणून तिने ते काडतूस उचललं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि ते उलटं केलं.

"ऑरिन," ती म्हणाली. "तुझं नेलपॉलिश संपलंय का?"

"नाही. दीड बाटली आहे."

हे जरा सांगायला हवं. ऑरिन विकतचं काडतूस रायफलीत घालत नाही. पितळी टरफलं जपून ठेवतो, तळघरात स्वतः दारू तोलून भरतो, आणि बुडाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीत ओल शिरू नये म्हणून कडेने नेलपॉलिशचा एक ठिपका फिरवतो. सुरुवातीला आर्डिसची बाटली होती, गडद लाल. ती गेल्यावर तो औषधाच्या दुकानातून तोच रंग आणायला लागला. काउंटरवरच्या मुलीने पहिली दोन वर्षं विचारलं कुणासाठी, मग विचारणं सोडलं.

व्हेल्माने काडतुसाचं बूड सगळ्यांना फिरवून दाखवलं. कोरं पितळ. ठिपका नाही.

"हे दुकानातलं आहे," ती म्हणाली. "हे तुझं नाही, ऑरिन. गेल, तू दहा दिवस हे खिशात घालून फिरलास, रुमालाला इस्त्री केलीस, आणि एकदा उलटं करून बघितलं नाहीस?"

पुरावा आपण आणला, आणि उलटा आपल्याच गळ्यात पडला, हे गेलच्या लक्षात येत होतं. "पण मग आलं कुठून?" तो म्हणाला. "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली पिठाच्या डब्यामागे असते आणि ते सगळ्या घराला ठाऊक आहे. पण गेलच्या प्रश्नानंतर लोर्नाचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई," ती म्हणाली.

"काय झालं?"

"कोल्हा."

"कुठला कोल्हा?"

लोर्नाने दोन्ही हात टेबलावर ठेवले. "माझ्या कोंबड्या नेत होता. पाच नेल्या. माझी शॉटगन घटस्फोटात गेली, माहितेय तुम्हाला. पॉपना सांगितलं असतं तर हे स्वतः निघाले असते, बर्फातून, या कमरेनिशी. म्हणून हे न्हाव्याकडे गेले तेव्हा मी रायफल नेली. यांची काडतुसं घेतली असती तर कळलं असतं, मोजलेली असतात. म्हणून दुकानातून डबी आणली. दोनच भरली."

"कोल्ह्याला हरणाची रायफल?" व्हेल्माने विचारलं. "कोल्ह्याचं राहिलं काय?"

"शेपूट."

"एकाच गोळीत?" ऑरिनने विचारलं.

"एकाच. साठ पावलांवरून."

ऑरिनने मान डोलावली. तेवढं त्याला माहीत करून घ्यायचं होतं.

"आणि मग?" गेल म्हणाला.

"मग काय! लहानपणापासून डोक्यात ठोकलंय ना यांनी? 'गोळी सुटली की आधी लिव्हर, मग श्वास. जखमी जनावर तुमच्यासाठी थांबत नाही.' कोल्हा पडलेला दिसत होता, तरी हात चाललाच. लिव्हर मारली. पहिलं टरफल बाहेर, दुसरं काडतूस आत. आणि मी तशीच आणून ठेवली. पॉप, मी ठेवली. मीच. आणि आत्ता इथे बसून तुम्हालाच किटली सुनावत होते. मला लाज वाटते हो."

ऑरिनने पावाच्या कणांचा ढीग बशीत लोटला. इतका हलका तो गेल्या महिन्याभरात झाला नव्हता. लेकीच्या चुकीने आपल्याला इतका आनंद व्हावा, याचीही त्याला थोडी लाज वाटली.

"गाडीची किल्ली आहे ना तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"का?"

"अकरा वर्षं. ताट मी स्वतः आणून देईन."

आधी व्हेल्मा हसली. मग डेनिस, जिची शिवणाची खोली वाचली होती. लोर्ना रडत हसत होती. गेल हसला नाही, पण त्याने रुमाल बहिणीपुढे सरकवला. इस्त्रीचा रुमाल अखेर कामी आला.

तीनच्या सुमारास सगळी मंडळी कोट घालून मागच्या उतारावर गेली. घोट्याएवढं बर्फ होतं. शंभर यार्डांवर जुन्या कुंपणाच्या फळीला पांढरा कागद टाचला. व्हेल्माने आधी पर्समधून, पेपरमिंटच्या पाकिटाशेजारून, आपली छोटी रिव्हॉल्व्हर काढली आणि कॉफीचे पाच डबे पाच गोळ्यांत पाडले. हा तिचा व्यायाम आहे. डॉक्टरने तिला चालायला सांगितलंय; ती म्हणते, डबे उचलून ठेवायला चालावंच लागतं.

मग ऑरिन बाकावर बसला, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. गोळ्यांच्या मधला त्याचा श्वाससुद्धा पूर्वीसारखाच होता. लोर्ना कागद घेऊन आली. तिन्ही भोकं बरणीच्या झाकणाखाली झाकली गेली असती.

"आता याला विसरभोळा म्हणा," व्हेल्मा म्हणाली. "चला, माझ्या पायाचा बर्फ झाला." ती, लोर्ना आणि डेनिस आत गेल्या. दाराशी पोचेपर्यंत तिघी मिळून गेलला नावं ठेवत होत्या, त्याची बायको सर्वांत जास्त.

उतारावर बापलेक राहिले.

"तू एक गोळी झाड," ऑरिन म्हणाला.

"नको, पॉप."

"सत्तावीस वर्षं नको म्हणतोयस. एक झाड."

गेलने अठराव्या वर्षी शिकार सोडली. पाय गारठतात असं तेव्हा सांगितलं होतं. खरं म्हणजे बापाशेजारी तास न् तास न बोलता बसणं त्याला सोसायचं नाही. आपल्या हातून काय चुकतंय याचाच बाप विचार करत असणार, असं वाटायचं. तो बाकावर बसला. ऑरिनने खिशातून दोन काडतुसं दिली, बुडाला लाल ठिपके असलेली. गेलने भरली, दस्ता खांद्याला लावला आणि चाप दाबला. धक्का बसला, नाकात दारूचा वास गेला. कागदावर, अगदी मधोमध नाही, पण कागदावर भोक पडलं.

"लागली!" तो ओरडला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस. इतकी खुशी झाली की उठून त्याने रायफल सरळ बापाच्या हातात दिली.

आमच्याकडे बंदूक हातात आली की आधी ती उघडून आत बघायचं. देणाऱ्याने डोळ्यांदेखत रिकामी केली असली तरी. देणारा पाद्री असला तरी. ऑरिनच्या हातात बंदूक गेली आणि त्याने बघितलं नाही, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ऑरिनने ती घेतली, काखेत धरली आणि घराकडे चालू लागला. "रस्सा उरलाय का बघू," तो म्हणाला.

गेलला आपला उजवा हात आठवला. गोळी सुटली होती, आणि मग? आधी लिव्हर, मग श्वास. हात चालला होता. आपोआप.

"पॉप, थांबा."

"काय?"

"जरा माझ्याकडे द्या ती." गेलने नळी जमिनीकडे ठेवत रायफल हळूच काढून घेतली आणि लिव्हर उघडली. काडतूस उडून बर्फात पडलं, बूड वर. लाल ठिपका बर्फात चांगला उठून दिसत होता.

दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिले. स्वयंपाकघरातून व्हेल्माचा आवाज येत होता. टेबलावर आपण हेच तर म्हणत होतो, असं गेलला आता म्हणता आलं असतं. पण ते खरं ठरावं असं त्याला वाटत नव्हतं. मुळीच वाटत नव्हतं.

"चूक माझी," तो म्हणाला. "मी भरलेली दिली."

"तू गाढव आहेस, ते जुनंच आहे," ऑरिन म्हणाला. "मी बघितलं नाही."

"पॉप, मी कुणाला सांगणार नाही."

"मला कळलंय ना. ते पुरे झालं." ऑरिनला वाकवेना, म्हणून गेलने काडतूस उचलून दिलं. ऑरिनने ते बाहीला पुसलं, मग खिशातली उरलेली सगळी काढली आणि मुलाच्या कोटाच्या डाव्या खिशात ओतली. "उद्यापासून ही तुझ्याकडे. रायफल माझ्याकडे राहील, रिकामी. डोंगरावर मी मागेन तेव्हा द्यायचं. एकेक."

"म्हणजे मी यायचं?"

"मग काय पोस्टाने पाठवणार आहेस?"

"माझ्याकडे परवाना नाही."

"तू नुसतं बसायचं. बसायला परवाना लागत नाही."

"बूटही नाहीत, पॉप. हे कचेरीतले आहेत."

ऑरिन तळघराच्या दाराकडे निघाला. गेल मागोमाग गेला. ऑरिनने दिवा लावला, रायफल टेबलावर ठेवली आणि कपाटाच्या खालच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. चामड्याचे उंच बूट होते, गेलचे, एकोणसत्तर सालचे. सत्तावीस वर्षांत चामडं कडक होऊन तडकायला हवं होतं. गेलने दाबून बघितलं तर ते लोण्यासारखं मऊ होतं. वर्तमानपत्र गेल्या महिन्याचं होतं.

"हे कुणी..."

"बंदुकांबरोबर करतो," ऑरिन म्हणाला. "तेलाचा हात तसाही चाललेला असतो."

गेल पायरीवर बसला, कचेरीचे बूट काढले आणि हे उंच बूट चढवले. डोळे पुसायला रुमाल शोधला, तर तो लोर्नाला दिलेला. त्याने बाहीला डोळे पुसले आणि नाडी ओढून बांधायला लागला. वरून डेनिसने हाक मारली, "निघायचं ना? अंधार पडेल."

"उद्या निघू," गेल खालून म्हणाला.

ऑरिन शेजारी उभा राहून नाडीकडे बघत होता.

"सैल बांध," तो म्हणाला. "उद्या दोन मोजे घालायचेत. तुझे पाय गारठतात."